गोडोल्लो राजवाडा

गोडोल्लो राजवाडा : हंगेरीतील बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातील अलंकृत) शैलीचा एक विस्तीर्ण ग्रामीण प्रासाद. बुडापेस्टच्या ईशान्येस सुमारे ३० किमी. अंतरावरील गोडोल्लो या गावी तो आहे. सरदार घराणे, बँक, राजकुटुंब, सैन्य आणि सरकार अशा अनेकांच्या हातांतून ही वास्तू गेली. त्यामुळे तिच्या जीर्णोद्धारात कोणत्या काळाचे रूप परत आणायचे हा प्रश्न सतत पुढे येत राहिला.

सामान्य परिस्थितीतून वर येऊन हंगेरीच्या राजकीय खजिन्याचा प्रमुख झालेला आन्ताल ग्राशाल्कोविच (पहिला) याने १७३० च्या दशकात आंद्राश मायरहॉफर या वास्तुकाराकडून राजवाड्याचे काम सुरू करविले. दुहेरी ‘यू’ आकाराची मांडणी आणि दर्शनी भागाच्या मध्यावरील घुमटाकार छप्पर यांचे अनुकरण पुढे हंगेरीतील अनेक जमीनदारी वाड्यांनी केले. १७५१ मध्ये मारिया टेरेसा ही सम्राज्ञी येथे पाहुणी म्हणून आली होती. ग्राशाल्कोविचच्या मुलाच्या काळात एका बाजूच्या भागात नाट्यगृह उभे राहिले.

१८४१ मध्ये ग्राशाल्कोविच घराण्याची पुरुषशाखा खुंटली आणि १८५० मध्ये सिना या बँकर घराण्याने मालमत्ता विकत घेतली. या घराण्याचे येथे वास्तव्य फारसे नव्हते. १८६४ मध्ये त्यांनी ती एका बेल्जियन बँकेला विकली. हंगेरीला स्वतःचे सरकार देणाऱ्या १८६७ च्या ऑस्ट्रिया-हंगेरी समझोत्यानंतर हंगेरी सरकारने राजवाडा त्या बँकेकडून घेऊन सम्राट व हंगेरीचा राजा फ्रान्झ योझेफ आणि त्याची राणी एलिझाबेथ (सिसी) यांना राज्याभिषेकाची भेट म्हणून वापरासाठी दिला. मिक्लोश इब्ल या वास्तुकाराच्या देखरेखीखाली वाड्याचे नूतनीकरण झाले. व्हिएन्नाच्या दरबारी शिष्टाचाराला कंटाळलेल्या एलिझाबेथला घोडेस्वारीसाठी हे ठिकाण विशेष प्रिय होते. तिच्या दालनांत तिचा आवडता जांभळा रंग होता.

राजसत्ता संपल्यावर १९१९ मध्ये अल्पजीवी हंगेरियन सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या लाल सेनेने राजवाडा वापरला, तर १९२० पासून १९४४ पर्यंत तो राज्यपालक (राजाच्या जागी राज्यप्रमुख) मिक्लोश होर्ती याचे ग्रीष्मनिवास होता. महायुद्धाच्या अखेरीस जर्मन व सोव्हिएत सैन्याच्या ये-जा करण्यात सामानसुमान लुटले गेले. खरी पडझड मात्र त्यानंतरच्या शांततेच्या काळात झाली. काही भाग सोव्हिएत सैन्याकडे, तर काही भाग वृद्धाश्रमाकडे गेला. जेथे रेशमी भिंती होत्या तेथे बराकी आणि खाटा आल्या, आणि डागडुजी नसल्याने छप्पर गळू लागले.

१९८० च्या दशकाच्या मध्यास छपरापासून दुरुस्तीला आरंभ झाला. १९९० मध्ये सोव्हिएत सैन्य निघून गेल्यावर कामाला वेग आला आणि १९९६ मध्ये मुख्य भागातील राजदालने संग्रहालय म्हणून खुली झाली. मूळ फर्निचर बहुतांशी नाहीसे झालेले असल्याने जुनी छायाचित्रे, याद्या आणि भिंतींवर उरलेले रंगाचे अंश यांच्या आधारे दालने सजवावी लागली. अशा पुनर्रचनेला अस्सल म्हणता येत नाही. तरी रिकाम्या खोल्या दाखविण्यापेक्षा ती अधिक बोलकी ठरते. मुख्य दालनांत एलिझाबेथचा काळ निवडला गेला, पण नाट्यगृहाच्या बाबतीत निवड उलट होती. एकोणिसाव्या शतकात मधला मजला घालून तेथे राहण्याच्या खोल्या केल्या होत्या. जीर्णोद्धारापूर्वीच्या तपासणीत जुन्या रंगमंचाच्या खुणा सापडल्यावर त्या खोल्या काढून अठराव्या शतकातील रंगगृह पुन्हा उभारण्यात आले आणि २००३ मध्ये ते खुले झाले. म्हणजे एकाच छपराखाली एके ठिकाणी राणीचा काळ जपला गेला, तर दुसरीकडे तिच्याच काळातील बदल काढून टाकला गेला. भेट देणाऱ्याला हा विसंवाद सहसा जाणवत नाही.

२०११ मध्ये हंगेरीकडे युरोपियन संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद आले, त्यासाठी घोडेस्वारीचा बंदिस्त मंडप व पागा यांची दुरुस्ती करून तेथे बैठका घेण्यात आल्या. सध्या वास्तू सरकारी मालकीची असून संग्रहालय, मैफली आणि समारंभ यांसाठी वापरली जाते.