कंपन्या बुडाल्या, कल्पना तरल्या

डॉट-कॉमचा फुगा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरची अवाजवी तेजी, फुटला त्याचं खापर बहुतेकदा गुंतवणूकदारांच्या हावेवर फोडलं जातं. त्यात तथ्य आहेच. मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेलेला नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक ऑक्टोबर २००२ मध्ये १,१०० च्या आसपास येऊन आदळला. पण काही कंपन्यांचं गणित बाजाराच्या आधी संगणकाच्या पडद्यावरच चुकलं होतं, आणि माझ्या मते त्यांचीच गोष्ट जास्त रंजक आहे.

लंडनची बू डॉट कॉम नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. फॅशनचे कपडे आणि बूट इंटरनेटवरून विकायचे, तेही थाटात. जॅकेट माऊसने गोल फिरवून बघा, जवळून बघा, पडद्यावरच्या बाहुलीला घालून बघा. सल्ला द्यायला 'मिस बू' नावाची चित्रातली विक्रेती हजर. आज यातलं काहीच वावगं वाटणार नाही. तेव्हा मात्र बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवर चालणारा ५६ किलोबिटचा मोडेम होता. सगळं सुरळीत असलं तरी त्यातून सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट उतरत, म्हणजे एका मेगाबाइटला जवळपास अडीच मिनिटं. जॅकेट फिरवायचं तर प्रत्येक कोनातलं चित्र आधी त्याच तारेतून यायला हवं. गिऱ्हाईक तोवर थांबतंय कशाला? मे २००० मध्ये कंपनीला टाळं लागलं, तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर उडाले होते.

क्यूकॅटची तऱ्हा निराळी. मांजराच्या आकाराचा हा बारकोड वाचक २००० साली अमेरिकेत फुकट वाटला गेला. मासिकातल्या जाहिरातीवरच्या कोडवरून तो फिरवला की संगणकावर संबंधित वेबसाइट उघडे. म्हणजे मासिक घेऊन संगणकापुढे बसायचं, कीबोर्डच्या तारेत जोडलेलं मांजर उचलायचं, आणि हा सगळा खटाटोप एक पत्ता टाइप करायचा कंटाळा वाचवण्यासाठी! लोकांनी ते मनावर घेतलं नाही. मात्र कॅमेरा आणि इंटरनेट एकाच फोनमध्ये खिशात आल्यावर क्यूआर कोड स्कॅन करणं अंगवळणी पडलं. कागदावरून थेट वेबवर नेण्याची कल्पना तीच. फक्त वेगळं यंत्र लागेनासं झालं.

मला सगळ्यात भावलेला प्रयत्न मात्र दुकानदारीचा नव्हता. १९७३ च्या झेरॉक्स आल्टोपासून संगणकाचा पडदा म्हणजे टेबल, त्यावर कागद आणि फोल्डर, हा साचा रुळत गेला. येल विद्यापीठातले डेव्हिड गेलर्न्टर आणि त्यांचा विद्यार्थी एरिक फ्रीमन यांनी १९९० च्या दशकात तो साचाच बाजूला ठेवला. 'लाइफस्ट्रीम्स' या त्यांच्या प्रणालीत फायलीला नाव देण्याची सक्ती नाही, ती कुठे ठेवायची हा प्रश्नही नाही. पत्र, फोटो, हिशेब, सगळं काळाच्या एका प्रवाहात ओळीनं लागतं. शेपटाकडे जुने कागद, मध्ये आजची कामं, आणि पुढे भविष्यकाळ. पुढच्या मंगळवारच्या बैठकीची टिपणं तिथे ठेवून द्यायची, तो मंगळवार आला की ती आपसूक समोर येणार. शोधायचं असेल तर एखादा शब्द टाइप करायचा. तो असलेल्या कागदांचा छोटा प्रवाह वेगळा निघतो.

त्यावर उभारलेल्या मिरर वर्ल्ड्स कंपनीनं २००१ मध्ये 'स्कोपवेअर' हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं, आणि २००४ मध्ये गाशा गुंडाळला. पुढे तिच्या पेटंटवरून ॲपलवर खटला झाला. २०१० मध्ये ज्युरीनं ६२.५५ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. पुढच्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला.

दरम्यान फोल्डर न उघडता शोधपेटीत शब्द टाकणं आणि बोटानं वर सरकवत जाणं सर्रास झालं. फेसबुकचं न्यूज फीड २००६ चं. फरक एवढाच, आणि तो मला लहान वाटत नाही: गेलर्न्टरांच्या प्रवाहात आपलेच कागद तारखेच्या क्रमानं यायचे, आजच्या बहुतेक फीडमध्ये आधी काय दिसावं हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो.