कलम ३७७ गेलं म्हणून मुलांचं संरक्षण गेलेलं नाही

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या गुन्ह्यातून वगळले. तेव्हापासून एक वाक्य फिरतंय: ‘आज हे चालवून घेतलं, उद्या लहान मुलांवरचे अत्याचारही कायदेशीर होतील.’ हे साफ खोटं आहे. त्याच निकालाने अल्पवयीनांशी आणि संमतीविना केलेली कृत्यं गुन्हाच ठेवली. जुन्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही, पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा लागूच आहे. त्यात १८ वर्षांखालच्या मुलाची ‘संमती’ धरलीच जात नाही, आणि मुलगा-मुलगी असा भेदही नाही.

आणि जुना काळ? १८६०च्या दंडसंहितेत मुलींसाठी संमतीचं वय होतं १०. दहा! १८९१मध्ये ते १२ करायचं ठरलं तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं; सरकारने यात पडू नये म्हणत टिळकांनीही विरोध केला. ज्या काळाला आपण सोवळा समजतो, त्यात अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्यापासून कायद्याचं संरक्षण नव्हतं. १५ ते १८ वयाच्या पत्नीबाबत नवऱ्याला असलेली सूट जायला तर ऑक्टोबर २०१७ उजाडलं.

दोन मोठी माणसं राजीखुशीने एकत्र येतात, त्यात कुणाला इजा नाही. मुलाला मात्र नाही म्हणायची ताकदच नसते. या अफवेने नजर भलतीकडे वळते, याचा मला खरा राग आहे: अत्याचार करणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणारा.