दहाचा आकडा आला कुठून?

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात कोड लिहिणाऱ्यांना "कॉम्प्लेक्सिटी १४, मर्यादा १०" हा निरोप नवा नाही. फंक्शनचा, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचा, आकडा मर्यादेबाहेर गेला की पाइपलाइन (कोड आपोआप तपासणारी व्यवस्था) लाल होते, मर्ज (मुख्य कोडमध्ये भर) अडतो आणि संध्याकाळच्या आत ते फंक्शन घाईघाईने तोडलं जातं. मर्यादा १०च का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

१९६८ मध्ये 'गोटू'च्या (कोडमध्ये कुठेही उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेच्या) विरोधातलं एक पत्र गाजलं. कोड वाचणाऱ्याला प्रवाहाचा माग काढता आला पाहिजे, हा त्याचा गाभा. १९७६ मध्ये ग्राफ थिअरीच्या (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताच्या) आधाराने सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी आली; वरच्या निरोपातला आकडा तो हाच. हे माप बोटांवरही काढता येतं: फंक्शनमधले इफ (अट), लूप (पुनरावृत्ती), केस (अनेक पर्यायांपैकी एक) मोजा आणि एक मिळवा. पुढच्याच वर्षी ऑपरेटर-ऑपरँड (क्रियाचिन्हं आणि ती ज्यांवर चालतात ती मूल्यं) मोजून 'मेहनत' काढणारी सूत्रं आली, पण रोजच्या कामात टिकलं ते आधीचं साधं माप.

१० ची मर्यादा त्या १९७६ च्या लेखातच आहे. पण हा आकडा वाजवी आहे, त्यात जादू काही नाही, असं तिथेच स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय मोठ्या केस स्टेटमेंटला सूटही दिली आहे. वीस वर्षांनी एका अमेरिकी सरकारी संस्थेच्या अहवालाने अनुभवी टीमसाठी १५ पर्यंत जायला हरकत नाही असं म्हटलं. कोड तपासणारी टूलं आली तेव्हा कुणी डीफॉल्ट १० ठेवला, कुणी २०, कुणी २५. एवढा फरक असलेल्या आकड्याला आपण कायद्यासारखं वागवतो, हे मला पटत नाही.

खरी गल्लत शब्दात आहे. कॉम्प्लेक्सिटीला आपण सरसकट 'गुंतागुंत' म्हणतो. हे माप मोजतं ते फाटे. शीळफाट्याला किती रस्ते फुटतात हे मोजणं वेगळं आणि तिथे नवखा माणूस चुकतो का हे बघणं वेगळं. किती वाटा तपासायच्या हे फाट्यांवरून कळतं, म्हणून टेस्टिंगला हा आकडा उत्तम. कोड वाचायला किचकट आहे का, हे त्यातून कळेलच असं नाही. चैत्र ते फाल्गुन अशा बारा केसचं फंक्शन घ्या: आकडा १३, मर्यादेबाहेर, आणि वाचायला पंचांगाच्या पानाइतकं सरळ. एकात एक घुसवलेल्या तीन इफचा आकडा फक्त ४, पण तिसऱ्या इफपाशी पोचेपर्यंत पहिल्याची अट डोक्यातून निसटलेली असते.

ही उणीव हेरून २०१६-१७ च्या सुमारास कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी मांडली गेली. तिच्यात नेस्टिंगला (एकात एक घुसवण्याला) वाढीव दंड आहे. तेच तीन इफ एकात एक असले तर १, २, ३ मिळून ६. अटी उलटवून, तीन वेगळ्या इफमधून लगेच रिटर्न केलं (फंक्शनमधून बाहेर पडलं) तर ३. सायक्लोमॅटिक दोन्ही वेळा ४च. बारा महिन्यांच्या स्विचला (त्या बारा केसच्या पूर्ण संचाला) मात्र एकूण १.

आपल्याकडे हा फरक जास्त जाणवतो, कारण इथे कोड लिहिण्याइतकंच तो वाचण्याचं काम आहे. परदेशी क्लायंटचा जुना कोड, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, आणि बग आज मिटवायचा. महापेला असताना आमच्या टीममध्ये व्याजाची आकारणी करणारं एक फंक्शन होतं, आकडा १४. मर्यादेत बसवायला ते 'भाग १' आणि 'भाग २' असं तोडलं गेलं. दोघांमध्ये नऊ पॅरामीटर (एकाने दुसऱ्याला पुरवायची मूल्यं) ये-जा करू लागले. आकडे हिरवे झाले, पण दंडव्याज कुठे लागतं हे शोधायला दोन फायली उघड्या ठेवाव्या लागायच्या. पुढे एका ज्युनिअर मुलीने दोन्ही भाग परत जोडले, अपवाद वरच निकालात काढले आणि लांबलचक अटींना 'मुदत उलटली', 'सवलत लागू' अशा अर्थाची नावं दिली. रिव्ह्यूला (सहकाऱ्याने कोड तपासायला) पूर्वी तास जायचा, आता दहा मिनिटं पुरली. सायक्लोमॅटिक परत १४ झाला, म्हणून त्या फंक्शनच्या डोक्यावर सूट मागणारी एक ओळ टाकावी लागली.