सभासंचालन, खानदेशातील
संस्थेचे कामकाज कार्यक्रमपत्रिका, ठराव, अनुमोदन, चर्चा व मतदान या संसदीय क्रमाने चालविण्याची रीत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील विकास सोसायट्या, दूध संघ, पतपेढ्या, शिक्षणसंस्था आणि ग्रामसभा यांत ती रूढ आहे.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिल्यानुसार ही रीत मूळची भारतीय. काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४ मध्ये प्राचीन गणराज्यांच्या संदर्भात ते मांडले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाचा दाखला दिला. विनयपिटकानुसार (बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांचा ग्रंथ) संघापुढे ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडून ती कामाच्या स्वरूपाप्रमाणे एकदा किंवा तीनदा पुकारीत. मौन ही संमती मानली जाई. मतभेद न मिटल्यास शलाका (मतदानाच्या काड्या) वाटून बहुमत घेत. किमान भिक्खुसंख्या नसता केलेले संघकर्म अवैध ठरे. खानदेशच्या वेशीवरील पितळखोरे व अजिंठा येथील विहारांतही हे नियम पाळले जात असावेत. तथापि ते विहार ओस पडणे आणि आधुनिक सभा सुरू होणे यांत हजाराहून अधिक वर्षांचे अंतर पडते. त्यामुळे प्रचलित रीत ब्रिटिश अमदानीतील नगरपालिका व लोकल बोर्डांच्या कायद्यांमधून आली, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. धुळे, जळगाव येथील नगरपालिका साधारणतः १८६० च्या दशकातील होत. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर ही रीत खेड्यांकडे वळली.

फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. ठराव आधी विषयनियामक समितीत (अधिवेशनापुढे आणावयाचे ठराव ठरविणारी समिती) व मग खुल्या अधिवेशनात, हा क्रम तेथे खेड्यातील श्रोत्यांपुढे आला.

व्यवहारात सर्वांत नाजूक बाब गणपूर्तीची, म्हणजे सभेस आवश्यक किमान उपस्थितीची. ग्रामसभेस मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती उपस्थिती लागते. सहकारी संस्थांच्या नोटिशीतच, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तीस गणपूर्तीची गरज राहणार नाही, असे बहुधा छापलेले असते. परिणामी तहकूब सभा हीच पुष्कळदा खरी सभा ठरते. मात्र तीत मूळ पत्रिकेबाहेरचा विषय घेणे सदोष मानावे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या शीर्षाखाली वादग्रस्त खर्च मंजूर करून घेण्याची चाल यासंदर्भात लक्षात घ्यावी. समसमान मते पडल्यास सहकारी संस्थेचा अध्यक्ष निर्णायक मत देतो. अमेरिकेत प्रमाण मानलेल्या हेन्री रॉबर्ट यांच्या नियमावलीप्रमाणे (१८७६) मात्र समसमान मतांचा ठराव फेटाळला जातो. भारतीय सभाशास्त्राचा कल वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या प्रथेकडे, आहे.

चर्चा अहिराणी किंवा लेवा गणबोली या स्थानिक बोलींत रंगते, इतिवृत्त प्रमाण मराठीत उतरते. भर सभेत झालेला कडाक्याचा विरोध ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ या ओळीत दिसेनासा होतो. म्हणून जाणते सभासद आपला विरोध नावानिशी लिहून घेण्याचा आग्रह धरतात. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे (अशा क्षेत्रांना पंचायत व्यवस्था लागू करणारा कायदा) एखाद्या पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते.