घरगुती गीझर

आंघोळ, धुणे-भांडी यांसाठी पाणी तापवणारे उपकरण. तो वीज, गॅस, ऊन किंवा हवेतली उष्णता यांवर चालतो. पाणी टाकीत साठवून तापवणारा आणि नळ सोडताच वाहते पाणी तापवणारा, असे त्याचे दोन मुख्य प्रकार. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर चालणारा गीझर तयार केला, पण त्याला धुराडे नव्हते. स्वयंचलित साठवणीचा गीझर एडविन रूड यांनी १८८९ मध्ये अमेरिकेत आणला.

साठवणीच्या गीझरमध्ये थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला वीज तोडतो. तो अडकला तर तापमान फार वाढताच वीज तोडणारा कट-आउट आणि तोही निकामी झाला तर जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, असे एकामागे एक पहारे असतात. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसला गेले, की त्याला सुमारे पाव लिटर जागा जास्त लागते. पाणीपुरवठ्याच्या बाजूला एकदिशा व्हॉल्व्ह असेल, तर हे जादा पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब बाहेर पडते. ही गळती समजून त्या तोंडाला बूच मारणे हा गीझरशी करता येईल असा सर्वांत घातक खेळ. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. मग टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा लागते.

तापमान किती ठेवावे, यात पेच आहे. न्यूमोनिया घडवणारे लीजनेला जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, म्हणून टाकी ६० अंशांच्या आसपास ठेवणे बरे. पण तेवढे गरम पाणी अंगावर पडले, तर काही सेकंदांतच खोल भाजते, आणि लहान मुलांना व वृद्धांना तर त्याहून लवकर. टाकी गरम ठेवून नळाआधी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवणे हा त्यावरचा चांगला उपाय. विजेच्या गीझरला अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा.

गॅस गीझरचा धोका वेगळा. हवा अपुरी पडली की जळण अर्धवट होते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे असा गीझर बंद न्हाणीघरात बसवूच नये. बाहेर बसवावा किंवा धुराड्याने वायू थेट बाहेर सोडावा. निळ्याऐवजी पिवळी ज्योत आणि आंघोळीत दुखू लागणारे डोके या खुणा दिसताच गॅस बंद करून मोकळ्या हवेत जावे.

जड पाण्याचे क्षार कॉइलवर साचले, की पाणी उशिरा तापते आणि टाकीतून कडकड आवाज येतो. टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड स्वतः झिजून पोलाद वाचवतो. तो वेळीच बदलला, तर टाकी बरीच वर्षे टिकते. कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह यांपैकी काही बिघडले तर दुरुस्ती परवडते. टाकीच गळू लागली, तर मात्र गीझर बदलावा.

बदलताना लिटर आणि किमतीपेक्षा आधी वापर पाहावा. ३ किलोवॉटचा तात्काळ गीझर पाणी २० अंशांनी तापवायचे, तर मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. हात धुवायला तो उत्तम, शॉवरला तोकडा. हवेतली उष्णता वापरणारा हीट पंप एक युनिट विजेत दोन ते चार युनिटांची उष्णता देतो, पण महाग पडतो, पाणी सावकाश तापवतो आणि त्याला मोकळी जागा लागते. सौर गीझरला ढगाळ दिवसांसाठी विजेची जोड हवीच. कोणताही साठवणीचा विजेचा गीझर बसवला, तरी गरम पाण्याच्या नळातून हवेचे फटकारे थांबून सलग धार येईपर्यंत बटण दाबू नये, कारण कोरड्या टाकीत कॉइल जळून जाते.