पतंगांची छायाचित्रनोंद

परिसरात दिसणाऱ्या पतंगांची छायाचित्रे काढून ती ठिकाण व तारखेसह सामायिक ऑनलाइन संग्रहात जमा करण्याची पद्धत. इथला पतंग मांज्याचा नव्हे. फुलपाखरांच्याच गणातला, बहुधा रात्री वावरणारा कीटक. भारतात फुलपाखरांच्या जाती दीड हजारांच्या आत भरतात, पतंगांच्या मात्र १०,००० च्या आसपास. तरी कौतुक सारे फुलपाखरांच्या वाट्याला.

भारतीय पतंगांच्या अभ्यासाचा पाया जॉर्ज हॅम्पसन यांच्या १८९२ ते १८९६ मधील चार खंडांनी घातला. हॉकमॉथ या दणकट, वेगवान पतंगांच्या कुळावरचा खंड १९३७ साली आला. त्याचे एक लेखक टी. आर. बेल हे कारवारकडच्या जंगलांत काम केलेले वनाधिकारी. अळ्या पाळून त्यांचे पतंग होईपर्यंत ते टिपणे ठेवत. टाचणीला लावलेल्या नमुन्यांची जागा आता बऱ्याच अंशी छायाचित्राने घेतली आहे. ‘मॉथ्स ऑफ इंडिया’, ‘आयनॅचरलिस्ट’ आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ हे यासाठी वापरात असलेले संग्रह. अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेला ‘नॅशनल मॉथ वीक’ जुलैच्या अखेरीस येतो, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात.

साधने थोडी: दोरीवर टांगायला पांढरी चादर आणि तिच्यावर उजेड पाडून पतंग बोलावणारा मर्क्युरी किंवा अतिनील दिवा. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली दमट रात्र उत्तम. पंख वरून, शरीर बाजूने आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) जवळून टिपाव्यात. शेजारी मोजपट्टी असली तर आकार कळतो. दिवा पहाटेपूर्वी बंद करून चादर झटकावी, नाहीतर पाली आणि सकाळचे दयाळ-बुलबुल आयती न्याहारी उरकतात. पतंग दिव्यावर प्रेमाने झेपावतो हे कवींचे म्हणणे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार उडताना पाठ उजेडाकडे ठेवण्याची सवय त्याला फसवते आणि तो दिव्याभोवती घुटमळत राहतो.

खरी मोलाची नोंद अळीची, तीही खाद्यवनस्पतीसह. आपल्या लोकांना अळ्या पक्क्या ठाऊक असतात: कपाशीची गुलाबी बोंडअळी, हरभऱ्याची घाटेअळी, मक्यावरची लष्करी अळी. विदर्भात ऐनाच्या झाडावर वाढणारा टसरचा किडा तर पोटापाण्याचा सोबती. पण यांतून बाहेर पडणारा पतंग समोर आला तर ओळखणारे थोडे. अळी, कोष आणि पतंग ही छायाचित्रे एकाच नोंदीत आली की ही तुटलेली साखळी जुळते.

ओळख इतर सदस्य सुचवतात. ‘आयनॅचरलिस्ट’वर जातीच्या ओळखीबाबत दोन-तृतीयांशांहून अधिक एकमत झाले, तारीख व ठिकाणही असले, तर नोंद संशोधनयोग्य ठरू शकते. मात्र एकमत म्हणजे पुरावा नव्हे. अनेक करड्या-तपकिरी पतंगांच्या जाती जननेंद्रियांचे विच्छेदन केल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. अशा वेळी वंशापाशी, म्हणजे जातीच्या वरच्या गटापाशी, थांबलेली नोंद प्रामाणिक. पुस्तकातले जवळचे चित्र पाहून जातीचे नाव ठोकून देणे हा सर्रास होणारा गुन्हा. शिवाय ॲटलाससारखा थोराड, देखणा पतंग ज्याला त्याला टिपावासा वाटतो. नखाएवढे पतंग चादरीवर शेकड्यांनी बसलेले असूनही बहुतेकदा तसेच राहून जातात.