रेड ड्रमची किनारी गळमासेमारी आणि आखूड रिग

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर वाळूत उभे राहून, फुटत्या लाटांच्या पट्ट्यात आमिष फेकून रेड ड्रम हा मोठा मासा गळाने पकडतात. या पद्धतीचे माहेरघर म्हणजे उत्तर कॅरोलिना राज्यातील आउटर बँक्स ही वाळूच्या चिंचोळ्या बेटांची माळ. त्यातही हॅटरस बेटावरची एव्हन व बक्स्टन ही गावे, केप हॅटरसचे टोक आणि दक्षिणेकडचे ओक्राकोक बेट यांचा लौकिक मोठा आहे. येथे सापडलेला मोठा ड्रम कायद्याने परत सोडावाच लागतो. त्यामुळे गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात लागला की घशाखाली उतरला, यावर सगळे अवलंबून असते. दोरीच्या टोकाला गळ, वजन आणि जाड दोरीचा तुकडा यांची जी जुळणी असते तिला रिग म्हणतात. मासा गळ गिळू नये अशा बेताने ती बांधणे हा या मासेमारीतला सर्वांत विचारपूर्वक घडलेला भाग आहे.

मासा

रेड ड्रमचे शास्त्रीय नाव सायनॉप्स ऑसेलेटस. तो सायनिडी कुलातला, म्हणजे आपल्याकडच्या घोळ, ढोमी आणि कोथ यांचा भाऊबंद. रंग तांबूस, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका; कधी एकाऐवजी चारपाच ठिपकेही असतात. विणीच्या काळात नर वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, लागून असलेले स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतो, त्यावरून त्याला ड्रम म्हणतात. पालघरकडे ज्याला बोत म्हणतात आणि घोळ माशाच्या बाबतीत ज्याला डोळे फिरवणारा भाव येतो, तोच हा अवयव. ड्रमच्या वाताशयाला मात्र तसे गिऱ्हाईक नाही, हे त्याचे नशीब म्हणायचे.

लहान माशाला स्थानिक लोक ‘पपी ड्रम’ म्हणतात, चाळीस इंचांच्या पुढच्याला ‘ओल्ड ड्रम’. हे ‘ओल्ड’ अक्षरशः खरे आहे. कानातल्या खड्यांवरची, म्हणजे कर्णाश्मांवरची वलये मोजून उत्तर कॅरोलिनात साठीच्या घरातले मासे नोंदले गेले आहेत. तीन-चार वर्षांत वयात येणारा हा मासा पुढे कित्येक दशके अंडी घालू शकतो. एक मोठी मादी मेली तर तिच्या पुढच्या विणींचे सगळे हंगाम तिच्याबरोबर जातात.

सोडून देण्याचा कायदा

1980 च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे आचारी पॉल प्रुडोम यांच्या मसाला लावून काळपट भाजलेल्या ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ची देशभर हवा झाली. मागणी एवढी वाढली की मेक्सिकोच्या आखातात मोठ्या माशांचे थवेच्या थवे जाळ्यांनी उपसले जाऊ लागले आणि सरकारला तिथल्या संघीय पाण्यातली व्यापारी पकड थांबवावी लागली. 20 ऑक्टोबर 2007 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी रेड ड्रम आणि स्ट्राइप्ड बास या दोन माशांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र आदेशही काढला. उत्तर कॅरोलिनाने 1971 मध्येच ड्रमला आपला राज्य सागरी मासा ठरवले होते. तेथे हौशी मच्छीमाराला दिवसाला एकच मासा ठेवता येतो, तोही 18 ते 27 इंच लांबीचा. त्याहून मोठा प्रत्येक मासा पाण्यात परत.

पण परत सोडलेला मासा जगतोच असे नाही. ड्रम तळाशी खेकडे, कोळंबी, लहान मासे खातो. तो भक्ष्य तोंडात ओढून थेट घशाकडे नेतो, कारण खेकड्याची कवची फोडणारे त्याचे दणकट दात घशात असतात. जबड्यातले दात बारीक, पकडण्यापुरतेच. साध्या, इंग्रजी ‘जे’च्या आकाराच्या गळावर आमिष लावून लांब मोकळी दोरी दिली, तर मच्छीमाराला झटका जाणवेपर्यंत गळ घशात पोचलेला असतो. तिथून हृदय आणि यकृत फार लांब नाहीत. असा मासा ऐटीत पोहत निघून गेला तरी पुढे तासाभरात किंवा काही दिवसांत मरू शकतो, आणि ते कुणाला दिसत नाही.

रिगची रचना

यावरचा उपाय म्हणून बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येते, सर्कल हुक. या गोल गळाचे टोक आत वळून दांड्याशी जवळपास काटकोन करते. घशातल्या मऊ भागावर ते सहसा रुतत नाही. दोरी ताणली की सरकत बाहेर येते आणि जबड्याच्या कडेला आल्यावर वळून कोपऱ्यात अडकते. या गळाला हिसका द्यायचा नसतो. रॉड वाकू द्यायचा आणि रीळ सावकाश फिरवत राहायचे; जुन्या सवयीने जोरात खेचणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा नुसते आमिष येते. बाजूला किंचित मुरडलेला सर्कल हुकही बाजारात मिळतो. त्याने गोल आकाराचा फायदा बराचसा वाया जातो, म्हणून टोक आणि दांडा एका रेषेत असलेलाच घ्यावा.

मात्र गळ बदलून काम अर्धेच होते. लांब दोरीवरचा सर्कल हुकही ड्रम गिळू शकतो. खरी करामत दोरीच्या लांबीत आणि वजन कुठे बांधले आहे यात आहे. पॅम्लिको परगण्यातील ओवेन लप्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी रिग याच तत्त्वावर उभी आहे. वजनापासून गळापर्यंतचे अंतर सहा इंच किंवा त्याहून कमी, आणि वजन दोरीवर मोकळे न सरकता तिथेच पक्के. ड्रम आमिष उचलून तोंड वळवतो तोच शिशाचा भार त्याच्या ओठाशी ओढ देतो. आमिष घशाकडे सरकायला दोरी उरतच नाही, आणि माणसाला चाहूल लागण्याआधीच गळ कोपऱ्यात बसलेला असतो. मोठे सर्कल हुक, आखूड दोरी आणि स्थिर वजन हे तिन्ही एकत्र वापरल्यास प्रौढ ड्रममध्ये गळ खोल जाण्याचे प्रमाण घटते, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर कॅरोलिनातील अभ्यासानेही दाखवले.

किनाऱ्यावरची ड्रम रिग ही लप्टन रिगची जवळची बहीण, पण हुबेहूब तीच नव्हे. शंभर पौंडांच्या वरची जाड नायलॉन दोरी घेऊन तिच्या एका टोकाला आठ किंवा नऊ नंबरच्या ‘ऑट’ मापाचा गळ दांड्याभोवती वेढे घेऊन बांधतात. दुसऱ्या टोकाला फिरकी, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी. मध्ये जेमतेम चार बोटे जागा. वजन अडकवायची क्लिप फिरकीच्या वरच्या बाजूला, मुख्य दोरीकडे घातली तर ती दोरीभर सरकू शकते, आणि आखूड तुकडा असूनही मासा वजनाला न जुमानता आमिष घेऊन पळू शकतो. म्हणून काळजी घेणारे लोक क्लिप फिरकी आणि गळ यांच्या मध्ये, दोन मण्यांच्या कैदेत ठेवतात, किंवा वर गाठ मारून तिचे सरकणे थोड्या इंचांवर आणतात. दुकानात टांगलेल्या तयार रिग वरवर पाहता सारख्याच दिसतात. विकत घेताना क्लिप हाताने सरकवून पाहावी, ती कुठे थांबते त्यावर रिगचे गुण ठरतात.

ही जुळणी समुद्रकिनारी एवढी रुजली, त्यात माशांविषयीच्या कळवळ्याइतकाच लांब फेकीच्या हौसेचा वाटा असावा. ड्रम पुष्कळदा बाहेरच्या वाळूच्या दांड्यापाशी असतो. त्यासाठी बारा-तेरा फुटी जाड रॉड आणि आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शिसे वापरतात. या साजाचे तिथले चलनी नाव ‘एट अँड बेट’. आमिष बोय माशाचे डोके किंवा तेलकट मेनहेडनचा तुकडा. आमिष वजनापासून दोन फूट लांब लटकत असेल तर हवेत ते गरगरते आणि फेक अर्ध्यात पडते. शिशाला चिकटून गेले तर दोन्ही एकच गोळा होऊन उडतात. माशाला वाचवणारी गोष्ट माणसाच्या स्वार्थालाही उपयोगी पडली की तिला प्रचारक लागत नाहीत.

नियम आणि हंगाम

आउटर बँक्सच्या आतल्या बाजूला पॅम्लिको साउंड हे विस्तीर्ण उथळ खारे पाणी आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मोठे ड्रम तिथे विणीला येतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी, मासा थकलेला, त्यात गळ घशात; हा मेळ सर्वांत घातक. म्हणून राज्याने साउंड आणि त्याच्या उपनद्यांसाठी 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात, संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळेत, नैसर्गिक आमिषासह 4/0, म्हणजे चार ‘ऑट’, पेक्षा मोठा गळ वापरणाऱ्यावर बंधन घातले. गळ सर्कल हुकच हवा, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबलेला किंवा काढलेला हवा, किमान दोन औंसांचे स्थिर वजन हवे आणि ते गळापासून सहा इंचांच्या आत हवे. लप्टन रिगचेच हे कायदेशीर वर्णन म्हणता येईल. हा नियम आतल्या पाण्यासाठी लिहिलेला. खुल्या समुद्राच्या वाळूवर आखूड रिग चालते ती रिवाजाने.

वाळूवरचे हंगाम दोन, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. केप हॅटरससमोर डायमंड शोल्सच्या उथळ वाळूपाशी उत्तरेकडचे थंड पाणी आणि गल्फ स्ट्रीमचे उबदार पाणी भेटते आणि त्या सीमेवर खाद्याच्या मागे ड्रम किनाऱ्याला लागतात. वसंतात नैऋत्येचा, शरदात ईशान्येचा वारा सुटला, पाणी गढूळ झाले, की टोकावर माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. शांत निळ्या समुद्राला इथे कुणी किंमत देत नाही.

मासा हाताळणे

चांगल्या रिगवरचा मासाही वाळूवर मारता येतो. हलक्या रॉडवर त्याला अर्धा तास दमवणे, कल्ल्यात बोटे घालून उभा लटकवणे, कोरड्या वाळूवर लोळवणे यांतले काहीही त्यासाठी पुरते. लाट ओसरताना त्याला ओल्या वाळूवर सरकू द्यावे, एक हात पोटाखाली घ्यावा, काटा दाबलेला गळ पकडीने उलट फिरवून काढावा आणि तोंड समुद्राकडे करून पुढच्या लाटेत सोडावे. एवढे करूनही गळ खोल गेलाच, तर ओढू नये. दोरी शक्य तितकी गळाजवळ कापून मासा जाऊ द्यावा.

चाळीस इंच किंवा त्याहून लांब ड्रम जिवंत सोडणाऱ्याला राज्याच्या सागरी मासेमारी स्पर्धेतर्फे प्रशस्तिपत्र मिळते. त्यासाठी लांबी मोजणे पुरते, काट्यावर वजन करावे लागत नाही. रेड ड्रमचा जागतिक विक्रम मात्र वजनाचा आहे. 94 पौंड 2 औंसांचा, म्हणजे सुमारे 42.7 किलोचा मासा डेव्हिड ड्यूएल यांनी 7 नोव्हेंबर 1984 रोजी एव्हनच्या किनाऱ्यावर पकडला. त्याच वाळूवर आज तेवढाच मासा लागला, तर त्याला घेऊन काट्यापर्यंत जाणेच बेकायदा ठरेल.